फँटसी मालिकांची तुलना आणि फॅन थिअरींवरील वाद: पुराव्याला धरून कसे बोलावे

‘कोणती मालिका श्रेष्ठ?’ या प्रश्नाने तुलना सुरू केली की चर्चा लगेच आवडीनिवडीवर येते आणि तिथेच अडकते. म्हणून आधी प्रश्न लहान करावा. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’शी तुलना करायची असेल, तर केवळ जादूपुरते बोलावे. ‘मिस्टबॉर्न’मध्ये पात्रे धातूचे कण गिळतात आणि प्रत्येक धातूपासून एक ठरावीक शक्ती मिळते, त्यामुळे पुढच्या संकटातून वाट कशी निघेल, याचा हिशेब वाचकालाही मांडता येतो. जादूगार गँडाल्फच्या सामर्थ्याचे असे कोष्टक टॉल्किन कुठेही देत नाहीत आणि त्यातच त्याचे गूढ आहे. नियमांवर उभारलेला तर्क ‘मिस्टबॉर्न’मध्ये चालतो, टॉल्किन यांच्या कथेत तोच हटवादी वाटतो. मालिकेचा स्वभाव ओळखल्याशिवाय तिच्याबद्दलच्या थिअरीला, म्हणजे कथेत काय दडले आहे किंवा पुढे काय होईल याविषयी वाचकांनी बांधलेल्या अंदाजाला, कोणता पुरावा लागेल हे ठरत नाही, आणि माझ्या मते तुलनेचा खरा उपयोग याच ठिकाणी आहे.

तुलनेतील मालिका पूर्ण झाली आहे की अपूर्ण, हेही आधीच सांगावे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही खंड 1954-55 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘द व्हील ऑफ टाइम’ 1990 मध्ये सुरू झाली. लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये वारले, शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांच्या आधारे सँडरसन यांनी लिहिले आणि चौदावा खंड 2013 मध्ये आला. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड 2011 चा आहे आणि सहाव्याची वाट वाचक अजून पाहत आहेत. पूर्ण मालिकेचा शेवट अपूर्ण मालिकेच्या मधल्या खंडांसमोर ठेवणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा दोन्ही मालिकांचे पहिले खंड शेजारी ठेवून वाचावेत.

थिअरीकडे वळताना पुराव्याची उतरंड ठरवून घ्यावी. सर्वांत वर छापील मजकूर, त्याखाली लेखकाची पत्रे व मुलाखती, त्याखाली पडद्यावरील रूपांतर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरील दूरचित्रवाणी मालिका 2011 ते 2019 या काळात 73 भागांत दाखवली गेली आणि मध्येच छापील कथेच्या पुढे निघून गेली. त्यातील जॉन स्नो या पात्राच्या आईविषयी वाचकांनी बांधलेला जुना अंदाज पडद्यावर 2016 मध्ये खरा ठरला, परंतु पुस्तकांत त्यावर अद्याप शिक्कामोर्तब झालेले नाही. त्यामुळे कादंबरीविषयी बोलताना तो भाग प्रबळ सूचना मानावा, निकाल मानू नये.

छापील मजकुरातही कोण बोलत आहे हे पाहावे लागते. मराठी वाचकाला याचे उदाहरण घरचेच आहे. मयसभेत द्रौपदीने दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हटले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य तिच्या तोंडी नाही. तिथल्या निवेदनात भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक हसतात, तर द्रौपदी हसल्याचे दुर्योधन पुढे धृतराष्ट्राला सांगतो. म्हणजे ती हसली, हे अपमानाने पेटलेल्या माणसाचे कथन आहे. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत तर प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येते. दुसऱ्या खंडात लढाईच्या रात्री सान्सा या मुलीच्या खोलीत ‘हाउंड’ या टोपणनावाचा योद्धा येतो आणि चुंबन न घेता निघून जातो; पुढच्या खंडात तिला चुंबन आठवते. दोन्ही प्रकरणे लागोपाठ वाचावीत, म्हणजे पात्राच्या आठवणीवर थिअरी रचणे किती जोखमीचे आहे ते ध्यानात येते.

यानंतर थिअरी मांडणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: पुढे काय छापून आले तर आपण ही थिअरी सोडाल? याला उत्तर नसेल, तर ती थिअरी वाद घालण्याजोगी नाही. उत्तर असेल, तर वाद कितीही वर्षे चालला तरी वाया जात नाही. ‘द व्हील ऑफ टाइम’च्या 1993 च्या खंडात अस्मोडियन या पात्राचा खून होतो आणि खुनी उघड होत नाही. वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या, कोण कोठे होते ते जुळवले आणि 2010 च्या खंडातील शब्दसूचीत उत्तर आले. ज्यांनी ती मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी ते नाव येथे देत नाही. उलट, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील टॉम बॉम्बाडिल हे पात्र नेमके कोण, हे कोडे आपण जाणूनबुजून ठेवले असल्याचे टॉल्किन यांनी 1954 मधील एका पत्रात लिहिले आहे; तिथे अंतिम उत्तराचा हट्ट धरू नये, त्या पात्रामुळे कथेत काय घडते याविषयी बोलावे.

मुंबईत अशा चर्चा बहुधा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर किंवा लोकलच्या परतीच्या प्रवासात होतात, आणि प्रत्येकाचे वाचन वेगळ्या खंडापर्यंत पोहोचलेले असते. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येकाने आपला खंड सांगावा आणि जो सर्वांत मागे असेल त्याच्या पुढचे काही बोलू नये. त्याला ‘लवकर वाच’ असे टोचणे सभ्यपणाचे नव्हे. किंग्ज सर्कल किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेली जुनी प्रत आणि नवी प्रत यांची पाने जुळत नाहीत, त्यामुळे संदर्भ देताना पानाऐवजी खंड, प्रकरण आणि ज्याच्या नजरेतून प्रकरण येते त्या पात्राचे नाव सांगावे. मुद्दा निघाला की वाक्य आठवणीतून न सांगता पुस्तक उघडून मोठ्याने वाचावे आणि आधीचा व नंतरचा परिच्छेदही वाचावा, कारण थिअरीला अडचणीचे ठरणारे वाक्य पुष्कळदा तिथेच सापडते.