यानात शेती करायची तर आधी हिशोब मांडा, बी नंतर टाका

अंतराळातली शेती म्हटलं की सगळ्यांना गुलाबी लाइटखालचं लेट्यूस आठवतं. ते खरंच पिकलंय, ऑगस्ट 2015 मध्ये अंतराळवीर स्कॉट केली आणि त्याच्या सोबत्यांनी स्पेस स्टेशनवर व्हेजी नावाच्या भाजी वाढवायच्या युनिटमधलं लाल लेट्यूस खाल्लं, 2021 मध्ये तर मिरच्या पण काढल्या. पण त्याला क्लोज्ड लूप म्हणता येत नाही, कारण बी, खत, मुळांखालचं माध्यम सगळं खालून पाठवलेलं होतं. क्लोज्ड लूप म्हणजे माणूस जे बाहेर टाकतो, म्हणजे श्वास, घाम, लघवी, संडास, त्याच्यावर झाडं जगली पाहिजेत आणि झाडांवर माणूस. प्रोजेक्टसाठी किंवा नुसत्या आवडीने कोणी असं डिझाइन करत असेल तर माझं म्हणणं एवढंच की पीक कोणतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या.

सुरुवात हवेपासून करा. एक माणूस दिवसाला साधारण 1 किलो सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडतो आणि 0.84 किलो ऑक्सिजन वापरतो. आता समजा तुमची केबिन 100 घनमीटरची आहे, तर ते 1 किलो म्हणजे जवळपास 545 लिटर गॅस, म्हणजे एका माणसाने एका दिवसात हवेत साडेपाच हजार पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) भर घातली! बाहेर मोकळ्या हवेत सगळं मिळून चारशेच्या थोडं वर असतं. पृथ्वीवर वातावरण इतकं प्रचंड आहे की पीक बुडालं तरी हवेला काही कळत नाही, इथे मात्र लवकरच डोकं दुखायला लागेल. म्हणून वहीत चार कॉलम पाडा, कार्बन, पाणी, नायट्रोजन, मीठ, आणि रोज कुठून किती आलं आणि कुठे गेलं ते लिहा.

हे पटत नसेल तर घरीच बघा ना, हवाबंद पारदर्शक डब्यात एक कुंडी आणि एक सीओटू सेन्सर ठेवा आणि दिवसरात्र आकडे टिपा. उजेडात आकडा पडतो, अंधारात चढतो, आणि मातीत कंपोस्ट जास्त असेल तर भर उजेडात पण चढत राहतो कारण मातीतले जिवाणूही श्वास घेतात. अमेरिकेतल्या बायोस्फिअर 2 या काचेच्या बंद प्रयोग-इमारतीत नेमकं हेच झालं. 1991 मध्ये आठ माणसं आत गेली, माती खूप कसदार, जिवाणूंनी ऑक्सिजन ओढला, त्यातून निघालेला सीओटू काँक्रीटने शोषला, त्यामुळे झाडांनाही तो परत मिळाला नाही आणि ऑक्सिजन जवळपास 21 टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. शेवटी 1993 च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. त्यामुळे यानात माती नकोच, आणि भिंती, रंग, सील कशाचे आहेत तेही हिशोबात धरा.

जागा किती लागेल? ढोबळ मानाने एका माणसाच्या हवेपुरती वीस-पंचवीस चौरस मीटर लागवड, आणि सगळं जेवण तिथेच पिकवायचं असेल तर चाळीस-पन्नास, तेही जोरदार लाइटखाली. सायबेरियात क्रास्नोयार्स्कला बायोस-3 या बंद प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात तीन माणसं 180 दिवस राहिली, हवा जवळजवळ पूर्ण झाडं आणि शेवाळावर चालली पण जेवणाचा काही भाग बाहेरूनच आणलेला होता.

पाण्यावर जास्त वेळ द्या. वजनरहित अवस्थेत पाणी खाली जातच नाही, मुळांभोवती गोळा होऊन चिकटून बसतं आणि मुळं गुदमरतात. म्हणून भाजलेल्या मातीचे बारीक खडे आणि त्यात वात असं माध्यम वापरतात, वात पाणी हळूहळू ओढते आणि खड्यांमधल्या फटीत हवा राहते. फॅन कधीच बंद ठेवू नका, तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही त्यामुळे पानाभोवती त्याच पानाची दमट हवा साचून राहते. 2015 च्या डिसेंबरमध्ये स्टेशनवरच्या झिनिया या फुलझाडांवर अशीच ओल साचून बुरशी धरली, तेव्हा केलीने सांगितलं की पाणी कधी घालायचं ते मी झाड बघून ठरवतो, मग त्याला खालून एक पानी सूचना पाठवली आणि पुढच्या महिन्यात फूल आलं. ऑटोमॅटिक टायमर लावा, पण माणसाने पान हातात घेऊन बघितलंच पाहिजे.

बंद जागेत इथिलीन पण साचतो, हा गॅस झाडं स्वतःच सोडतात. रशियाच्या मीर या अंतराळ स्टेशनवर 1996-97 मध्ये गहू छान वाढला, ओंब्या भरपूर आल्या, आणि आत एक दाणा नाही! कारण निघालं इथिलीन. तेव्हा हवेच्या वाटेत इथिलीन काढणारा फिल्टर पहिल्या दिवसापासून हवा.

आता सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, ते म्हणजे मैला आणि लघवी. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, तो झाडांना जास्त झाला की जाळतो, म्हणून जिवाणूंच्या दोन टोळ्या लागतात, नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट, जे झाडं आवडीने घेतात. ही टाकी रुळायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ती पेरणीच्या बरीच आधी चालू करा आणि पीएच (पाणी किती आंबट आहे त्याचा आकडा) रोज बघा कारण या कामात तो घसरत जातो. युरोपच्या अंतराळ संस्थेच्या मेलिसा प्रकल्पात 1989 पासून हीच साखळी टप्प्याटप्प्याने जोडताहेत. मिठाचं मात्र लक्षात ठेवा, लघवीत सोडियम भरपूर आणि बहुतेक पिकांना तो नकोच, मग प्रत्येक फेरीला तो वाढत जातो आणि काही महिन्यांनी झाडं माना टाकतात. बीट, पालक, चार्ड ही मंडळी सोडियम बऱ्यापैकी ओढतात, ती खाल्ली की मीठ परत ताटात येतं आणि वरून घालायचं कमी करता येतं.

गव्हाचं निम्मं वजन तर काड असतं, ते फेकलं तर कार्बन आणि खनिजं दोन्ही चक्रातून गेली. त्यावर अळिंबी घ्या किंवा कंपोस्ट करा. बीजिंगच्या लुनार पॅलेस 1 या बंद प्रयोगशाळेत 2014 च्या 105 दिवसांच्या प्रयोगात असा न खाण्याजोगा भाग किड्यांच्या अळ्यांना घातला आणि अळ्या माणसांनी खाल्ल्या, ऐकायला कसंतरी वाटतं पण प्रोटीन मिळतं आणि वायाही काही जात नाही.

पीक निवडताना बुटकं, लवकर येणारं, काड कमी असलेलं घ्या, अपोजी गहू तर याच कामासाठी काढलाय. आणि सगळं एकदम पेरू नका. रोप लहान असताना सीओटू जवळजवळ घेतच नाही, भर वाढीत धडाधड घेतं, पिकायला लागलं की परत कमी. दोन महिन्यांचं पीक असेल तर सहा वाफे करा आणि दर दहा दिवसांनी एक पेरा, मग कापणी झाली तरी हवेला धक्का बसत नाही.

माणसं आत पाठवायच्या आधी निदान एक पूर्ण पीकचक्र रिकामं चालवा, माणसांच्या जागी मोजून सीओटू सोडा, आणि मुद्दाम एक वाफा अर्ध्यात कापून टाका. आकडा किती चढतो आणि किती दिवसांत जागेवर येतो ते बघा, यांत्रिक स्क्रबर, म्हणजे हवेतला सीओटू काढणारं यंत्र, आणि साठ्यातलं जेवण किती ठेवायचं ते त्यावरून ठरवा.