आईच्या फोनमध्ये जागा अशी केली

आईच्या १६ जीबीच्या अँड्रॉइड फोनवर ‘स्टोरेज भरलं’ अशी सूचना सारखी यायची, बँकेचं ॲपही अपडेट होईना. नागपूरच्या बर्डी बाजारातून ३२ जीबीचं मेमरी कार्ड आणलं. कार्डावर ‘ए१’ छापलंय ना, ते बघूनच घ्या. ॲप्स चालवायला तेच बरं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग एकेक ॲप उघडून स्टोरेज, तिथे ‘बदला’ दाबून कार्ड निवडलं. हे बटण सगळ्याच ॲप्सना नसतं, फोनसोबत आलेली तर हलतच नाहीत. भजनांचं ॲप आणि नातवाचे गेम कार्डावर गेले. विजेटवाली (होम स्क्रीनवर घड्याळ, हवामान असे चौकोन दाखवणारी) ॲप्स मात्र फोनमध्येच राहू दिली, कार्डावर गेली की विजेट चालत नाही. उरलेली जागा फोटो-व्हिडिओंनी खाल्ली होती, तेही कार्डावर टाकले. बँकेचं ॲप लगेच अपडेट झालं. कार्ड काढण्याआधी सेटिंग्जमधून ‘इजेक्ट’ जरूर करा.