इंग्रजीचे सदोष पाठ्यपुस्तक हाती आल्यास ते कसे शिकवावे

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पाचवीला हायस्कुलात जाते, तेव्हा बहुतेक ठिकाणी गणित, विज्ञान, इतिहास असे सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. त्या उंबरठ्यापर्यंत मुलाला नेण्याचे काम प्राथमिक वर्गांतील इंग्रजीच्या एका पातळशा पुस्तकावर सोपवलेले असते, आणि ते पुस्तकच कच्चे निघाले तर त्याचा फटका एका विषयाला न बसता पुढच्या सगळ्या शिक्षणाला बसतो. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका मराठी शाळेत तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवते. काही वर्षे माझ्या वाट्याला असेच पुस्तक आले होते. मुले पाठ घडाघडा वाचत, खालची प्रश्नोत्तरे तोंडपाठ म्हणून दाखवत आणि ‘व्हॉट डिड यू ईट टुडे?’ एवढे साधे विचारले की माना खाली घालत. मुलांचा अभ्यास कमी पडतो, असे मी बराच काळ धरून चालले होते, याचे मला आजही वाईट वाटते. पुस्तक बदलणे शिक्षकाच्या हाती क्वचितच असते. मात्र ते कसे उघडायचे, कुठे थांबायचे आणि कुठे बाजूला ठेवायचे हे पूर्णपणे आपल्या हाती असते.

वर्ष सुरू होण्यापूर्वी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका बैठकीत वाचावे. नंतर मधल्या एखाद्या पाठातला सुमारे 100 शब्दांचा उतारा घेऊन तो वर्गातल्या मध्यम गतीच्या चार-पाच मुलांना द्यावा आणि अर्थ माहीत नसलेल्या शब्दांखाली रेघ ओढायला सांगावी. मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा असेल तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि 95 टक्के ही किमान मर्यादा समजावी, असे शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे शंभरात पाचांहून अधिक रेघा पडल्या, तर तो पाठ मुलाने वाचायचा नसून शिक्षकाने आधी उलगडून द्यायचा आहे, हे निश्चित समजावे. माझ्या वर्गात काही उताऱ्यांवर इतक्या रेघा पडल्या होत्या की रेघ नसलेले शब्द शोधावे लागत होते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. एका वहीत प्रत्येक पाठातले नवे शब्द लिहावेत आणि तो शब्द पुढे कोणकोणत्या पाठांत पुन्हा येतो त्याची नोंद समोर करावी. सदोष पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष इथे उघडा पडतो. चित्रे बरी नसणे किंवा छपाई पुसट असणे हे दोष चटकन दिसतात. परंतु एका पाठात आलेला शब्द पुढे वर्षभर परत न येणे हा दोष शब्दांची वही केल्याशिवाय दिसत नाही. कोणताही शब्द एका भेटीत कुणाचा होत नाही. हे दुखणे आपल्या उपखंडात शंभर वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. 1920 च्या दशकात ढाक्यात काम करणाऱ्या माइकल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञांनी बंगाली मुलांसाठीची इंग्रजी वाचनपुस्तके तपासली, त्यातले जुनाट आणि क्वचित लागणारे शब्द काढून नेहमीचे घातले, आणि नवे शब्द एकाच पानावर न कोंबता दूरदूर पेरून पुन्हा पुन्हा आणले. पुढे 1953 मध्ये त्यांची सुमारे 2000 नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. आपण आपल्या वहीत तेच काम लहान प्रमाणावर करायचे असते. प्रत्येक पाठातून मुलाच्या तोंडी बसलेच पाहिजेत असे सात-आठ शब्द निवडावेत, आणखी काही शब्द वाचताना ओळखले तरी पुरे मानावेत आणि उरलेल्यांचा अर्थ एकदा सांगून त्यांना निरोप द्यावा. निवडलेले शब्द मात्र पुढचे दोन महिने फळ्यावर, हजेरीच्या वेळी, मधल्या सुट्टीतल्या सूचनांत या ना त्या निमित्ताने परत येत राहिले पाहिजेत.

अनोळखी विश्वाचा पाठ कसा हाताळायचा, याचे एक उदाहरण देते. आमच्या पुस्तकात परदेशी शेतीवरचा एक पाठ होता. त्यात लाल रंगाचे मोठे लाकडी कोठार, गवताची गंज, सफरचंदाची झाडे आणि या सगळ्यांची इंग्रजी नावे होती. ‘बार्न’ हा शब्द मी दोनदा समजावला, तरी चेहरे कोरेच राहिले. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “टीचर, हा तर मांगर!” शेतातल्या खोपीसाठी, अवजारे आणि गवत ठेवण्याच्या जागेसाठी आपल्याकडे शब्द आहे, वस्तू आहे, आणि तिच्या घरामागे ती उभीही आहे. मी पाठ तिथेच मिटला आणि फळ्यावर मुलांच्या मदतीने आपल्या कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, दुसरा पाठ लिहिला: ‘दिस इज आवर कुळागर. द बीटल नट ट्रीज आर टॉल. द पेप्पर वाइन क्लाइम्ब्स द ट्री. वॉटर कम्स डाउन द हिल. वी कीप द ग्रास इन द बार्न.’ पुस्तकातली वाक्यरचना तीच ठेवली होती, निवडलेले शब्दही तेच होते. फक्त जमीन आपली होती. दुसऱ्या दिवशी पुस्तकातला मूळ पाठ उघडला तेव्हा मुलांनी तो न अडखळता समजून घेतला, कारण आता त्यात नवी गोष्ट तेवढी सफरचंदांची होती.

याचा अर्थ परका विषय वर्गात आणूच नये असा नाही. बर्फ, आगगाडीचा बोगदा, वाळवंट हे मुलांनी जाणलेच पाहिजे. पथ्य एवढेच आहे की शब्द नवे असतील तर विषय ओळखीचा असावा आणि विषय नवा असेल तर शब्द ओळखीचे असावेत. दोन्ही एकदम नवे असले की मूल पाठांतराचा आश्रय घेते.

पाठाखालच्या प्रश्नांची परीक्षा घेण्याची एक खात्रीची रीत आहे. पाठातल्या वाक्यातले महत्त्वाचे शब्द काढून तिथे निरर्थक शब्द घालावेत. उदाहरणार्थ, ‘द डोग्नी वॉज बिहाइंड द मल्ट.’ आता विचारा, ‘व्हेअर वॉज द डोग्नी?’ वर्गातले प्रत्येक मूल ‘बिहाइंड द मल्ट’ असे अचूक उत्तर देईल, आणि डोग्नी म्हणजे काय हे कुणालाही ठाऊक नसेल. जो प्रश्न अर्थ न कळताही सुटतो, तो आकलनाचा प्रश्न नव्हे. असे प्रश्न गृहपाठाला ठेवावेत आणि वर्गातला वेळ अशा कामाला द्यावा, ज्यात उत्तर शोधण्यासाठी इंग्रजी वापरावेच लागते.

या बाबतीत भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात चालवलेला बंगलोर प्रकल्प आपल्या परिस्थितीला फार जवळचा आहे. प्रादेशिक माध्यमाच्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचे नियम आणि उजळणी बाजूला ठेवून मुलांना वेळापत्रके, नकाशे अशी कोडी सोडवायला दिली. मी त्यावरून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसगाड्यांचे एक वेळापत्रक तयार केले. वाळपई, होंडा, साखळी, डिचोली आणि म्हापसा हे थांबे मुलांच्या पायाखालचे आहेत. वेळा मी माझ्या मनाने घातल्या. अर्ध्या वेळा एका मुलाच्या कागदावर आणि उरलेल्या दुसऱ्याच्या कागदावर ठेवल्या, आणि एकमेकांचा कागद न पाहता, फक्त विचारून तक्ता पूर्ण करायचा असे ठरवले. ‘व्हेन डज द बस लीव्ह साखळी?’ हे वाक्य त्या तासाला वर्गात जितक्या वेळा उच्चारले गेले, तितक्या वेळा आमच्या पुस्तकात कोणतेही प्रश्नवाक्य वर्षभरात आले नव्हते. नंतर मी विचारले की आजीला डिचोलीच्या डॉक्टरकडे नऊच्या आत पोचायचे असेल तर कोणती बस घ्यावी. त्यावर मुलांत वाद झाला. वाद बराचसा कोकणीत झाला, पण उत्तर इंग्रजीत सांगायचे होते आणि ते सांगितले गेले. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि त्यावर इंग्रजी, अशी तिहेरी कसरत ही मुले करतात. विचार करण्याची भाषा वर्गाबाहेर ठेवायला सांगून त्यांच्याकडून इंग्रजी वाढण्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

व्याकरणाच्या बाबतीत पुस्तक साऱ्या देशासाठी एकच धडा देते. आपली मुले कुठे अडखळणार हे त्याला ठाऊक नसते. ती भर शिक्षकानेच घालावी लागते. ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पेन आहे’ आणि ‘मला ताप आहे’ या मराठीतल्या दोन वेगळ्या घडणींच्या वाक्यांना इंग्रजीत एकच ‘हॅव’ पुरतो, हे तिन्ही वाक्ये शेजारी लिहून दाखवल्यास मुलांना आनंदच होतो. ‘तू कुठे जातोस?’ असे विचारताना मराठीत शब्दांची जागा हलत नाही, म्हणून मुले ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणतात. ‘द’ला मराठीत जोडच नाही. अशा पाच-सहा जागांवर वर्षभर भर दिला, तर उरलेले व्याकरण वाचनातून बरेचसे येते. उच्चारांसाठी पुस्तकाकडे काहीच नसते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांसाठी देवनागरीत एकच ‘व’ असल्याने ओठ आणि दात कुठे लागतात ते आरशात पाहून करून घ्यावे.

पाठ गाळल्याचे किंवा क्रम बदलल्याचे पालकांना दिसते, आणि वहीत कोरी पाने पाहून ते काळजीत पडतात. म्हणून पहिल्याच पालक सभेत वर्षाचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवावा, मुख्याध्यापकांची त्यावर सही घ्यावी, आणि परीक्षेत येणारे प्रश्नप्रकार शेवटच्या काही आठवड्यांत पुस्तकातूनच करून घेतले जातील हे स्पष्ट सांगावे. परीक्षेची तयारी आणि भाषेची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाला दोन्ही मिळाल्या पाहिजेत.

शब्दांची वही वर्षअखेर घरी नेऊ नये. तिच्यातून दोषांची यादी उतरवून काढावी, आणि ‘पुस्तक कठीण आहे’ असे मोघम न लिहिता पान, ओळ, दोष आणि सुचवलेली दुरुस्ती असे चार रकाने करून ती शाळेमार्फत पुस्तक काढणाऱ्यांकडे पाठवावी. मूळ वही त्या वर्गाच्या कपाटात, पुस्तकाच्या शिक्षक-प्रतीशेजारी ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी जो कोणी शिक्षक तो वर्ग घेईल त्याला पहिल्या रेघेपासून सुरुवात करावी लागणार नाही.