पुण्यात पहिली नोकरी: निघण्याआधीची आणि पहिल्या महिन्याची तयारी

हिंजवडीत नाहीतर खराडीत नोकरी लागल्याची बातमी आली की घरचे आधी विचारतात, "राहायची सोय काय?" मग कुणाच्या तरी ओळखीने, मोबाइलवर चार फोटो बघून, अकरा महिन्यांचा फ्लॅट पक्का केला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. पहिला महिना कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन), पीजीत किंवा नातेवाइकांकडे काढा. अकरा महिने अडकवून ठेवेल अशी एकही गोष्ट त्या महिन्यात करू नका. गाडीचा हप्ताही नको, जिमची वर्षाची फीसुद्धा नको. हे शहर गेल्या वीसेक वर्षांत चारी दिशांना इतकं पसरलंय की नकाशावर पाच किलोमीटर दिसणारं अंतर ऑफिसच्या वेळेला किती लांब पडतं, ते रोज जाऊन-येऊनच कळतं.

निघण्याआधी कागदपत्रांची फाइल तयार करा. आधार, पॅन, दहावीपासूनच्या मार्कशीट, पदवीचं किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, बँकेचा रद्द केलेला चेक आणि पासपोर्ट साइझचे भरपूर फोटो. प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स काढा, स्कॅन करून ईमेलवर ठेवा. कंपनीत मूळ कागद दाखवायला न्या आणि दाखवून परत घेऊन या. मूळ मार्कशीट जमा करून घेणाऱ्या ठिकाणी रुजू होऊ नका. नोकरी लावण्यासाठी किंवा ट्रेनिंगसाठी आधी पैसे मागणारी कन्सल्टन्सी दिसली तर तिथून तसंच मागे फिरा. घरच्यांनी जमवलेले पैसे अशा ठिकाणी गेलेली मुलं या शहरात भेटतात, आणि ते बघून जीव तुटतो.

पैशांची तयारी दोन महिन्यांची हवी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झालात तर पहिला पगार बऱ्याचदा पुढच्या महिन्यात जोडून येतो. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं, एजंटमार्फत घर घेतलं तर साधारण एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज, शिवाय गादी-बादलीपासूनचा खर्च. ऑफर लेटरवरचं वार्षिक पॅकेज बाराने भागून हिशेब मांडू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही, म्हणजे बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, धरलेली असते. तुमच्या वाट्याचा पीएफ कापला जातो आणि व्यवसाय कर जातो तो वेगळाच. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. एचआरला थेट विचारा, "हातात किती येतील?" यात लाजण्यासारखं काही नाही. आधी कुठे काम केलं असेल तर जुना यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर द्या, नवा काढू देऊ नका.

आता घर. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्याने आलेल्या माणसाचं पुण्यातलं वर्ष कसं जाणार ते बरंचसं इथेच ठरतं.

घर बघताना भाडं शेवटी विचारा. आधी विचारा, ही जागा कुणाच्या हद्दीत येते? वाकड, पिंपळे सौदागर, रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत. बाणेर, बालेवाडी पुणे महापालिकेत. हिंजवडी आणि माण, जिथे एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, ती गावं मुळशी तालुक्यातली. वर्षानुवर्षं तिथला कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला, आयटी पार्क एमआयडीसीचा आणि पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. सूस, म्हाळुंगे, वाघोली ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण हद्द बदलली म्हणून नळाला लगेच पाणी येत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये तर पवना धरणाचं पाणी २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड सोडायला सुरुवात झाली. उंच, चकचकीत इमारत आणि खाली टँकरची रांग हे दृश्य शहराच्या कडेकडेने सगळीकडे दिसेल.

म्हणून घरात शिरल्यावर हॉलची गॅलरी नंतर बघा, आधी बाथरूममध्ये जा. आधीचा भाडेकरू अजून राहत असेल तर तिथे निळा ड्रम आहे का, दोन-तीन बादल्या काठोकाठ भरून ठेवल्यात का ते पाहा. ज्या घरात पाण्याची खात्री असते तिथे कुणी ड्रम भरून ठेवत नाही. स्वयंपाकघरातला नळ सोडा आणि मिनिटभर तसाच राहू द्या. किटलीवर किंवा नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर पाणी बहुधा बोअरचं आहे. खाली आल्यावर वॉचमनमामांशी दोन शब्द बोला. "मामा, उन्हाळ्यात टँकर किती लागतात?" एवढं विचारलं की एजंटने न सांगितलेलं बरंच कळतं. सोसायटीच्या नोटीस बोर्डवरही नजर टाका; पाणी कपातीच्या वेळा आणि बंद लिफ्ट, सगळं तिथे लावलेलं असतं. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा द्यायचा, तेही तिथल्या तिथे विचारून घ्या.

नदीकाठचं घर स्वस्तात मिळत असेल तर पूररेषेबद्दल विचारल्याशिवाय हो म्हणू नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. पिण्याच्या पाण्याबद्दलही बेफिकीर राहू नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी-नांदेड गावाकडे, जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. फिल्टर घेईपर्यंत पाणी उकळून प्या, जारचं असलं तरी.

घर पसंत पडलं की कराराकडे या. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "नोटरी करून घेऊ, स्वस्तात होईल" असं कुणी म्हणालं तर शांतपणे पण ठाम राहा. हल्ली एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो, अर्ध्या तासात काम होतं. सही करण्याआधी नोटीस किती दिवसांची आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, हे वाचा. किल्ली हातात आली की सामान टाकण्याआधी प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या ओलीचा आणि लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. डिपॉझिट परत मागायची वेळ येईल तेव्हा हेच फोटो कामी येतात.

जाण्यायेण्याचा अंदाज घ्यायचा तर रविवारी दुपारी घर बघून "वीस मिनिटांत पोचलो" असं म्हणू नका. सोमवारी सकाळी नऊला तोच रस्ता करून बघा, आणि जमलं तर भर पावसात संध्याकाळी साडेसहालाही. भूमकर चौक, हिंजवडीचा शिवाजी चौक, हायवेखालचे बोगदे, यांपैकी काय काय वाटेत येतं त्यावर सगळं अवलंबून आहे. मेट्रोचं नाव सांगून भाडं वाढवलेलं असेल तर नीट चौकशी करा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मार्गांवर गाड्या धावतात. तुमच्या घराजवळच्या स्टेशनवर तिकीट मिळतं का आणि उतरून ऑफिसपर्यंत पुढे काय, हे स्वतः जाऊन पाहा. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा धरून घर शोधणं सगळ्यात शहाणपणाचं. दुचाकी घेणारच असाल तर हेल्मेट आधी घ्या, चांगलं घ्या.

जेवणाचं फार अवघड नाही. पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, मेसही आहेत. फक्त महिन्याचे पैसे भरण्याआधी तीन-चार दिवस रोखीने जेवून बघा, त्यातही रात्री उशिरा जा, कारण शेवटच्या पंगतीला काय उरतं त्यावरून मेस कळते.

कामाच्या ठिकाणी सुरुवातीला इंग्रजी-हिंदीच्या भडिमारात अवघडायला होतं, विशेषतः तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्यांना. त्याची तयारी एवढीच, की मीटिंगमध्ये न कळलेलं वहीत लिहा आणि त्याच दिवशी कुणालातरी विचारा. आठवडाभर साठवून ठेवलेला प्रश्न विचारायचं धाडस नंतर होत नाही. आणि आपल्या भागातली माणसं शोधाच. पुण्यात लातूर, बीड, बुलडाणा, जळगाव सगळीकडची मंडळी आहेत. आजारी पडल्यावर रात्री दवाखान्यात नेणारं एक माणूस आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर, दोन्ही पहिल्याच आठवड्यात हाताशी असू द्या. घरच्यांना खोलीचा पूर्ण पत्ता आणि रूममेटचा नंबरही द्या.

शेवटी दिवाळीचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, आणि मराठवाडा-विदर्भाकडच्या गाड्या बघता बघता भरतात. तेव्हा दिवाळीची तारीख बघून मोबाइलवर आजच आठवण लावून ठेवा. रेल्वे हुकली तर एसटी बघा. खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं, असा राज्य सरकारचा २०१८ चा नियम आहे. त्याहून जास्त मागितलं तर पावती मागा आणि आरटीओकडे तक्रार करा.