जूमला ३ ची साईट ५ वर न्यायचीय? आधी ही तयारी करा

कोल्हापुरातल्या पतसंस्था, शाळा, चप्पल लाईनचे दुकानदार, यात्री निवासवाले, कुणाचीही जुनी साईट उघडली की बऱ्याचदा आत जूमला ३ च (साईट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) निघतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १७ ऑगस्ट २०२३ ला संपलाय, म्हणजे सुरक्षेत नवीन भोक सापडलं तरी पॅच (दुरुस्ती) येणार नाही आणि साईटवर सभासदांचे फॉर्म, फोन नंबर असतील तर हे असंच सोडून चालत नाही. अपग्रेडचं बटण दाबायला वेळ लागत नाही, सगळा वेळ त्याच्या आधी जातो आणि तो द्यायलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, ३ वरून थेट ५ वर उडी मारता येत नाही. आधी ३.१० चं शेवटचं व्हर्जन, मग ४.४, मग ५. आणि यात पीएचपीचा, म्हणजे जूमला ज्या भाषेत लिहिलंय तिच्या व्हर्जनचा, घोळ असतो. जूमला ४ ला कमीत कमी ७.२.५ लागतं, ५ ला ८.१. जुन्या होस्टिंगवर अजून पीएचपी ५.६ चालू असतं. म्हणून सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) जाऊन बघा की कुठली व्हर्जन मिळतात, ८.१ मिळतच नसेल तर होस्टिंग बदलायचा विषय आधी मिटवा. मायएसक्यूएल (डेटाबेस) पण बघा, जूमला ५ ला ८.०.१३ लागतं, मारियाडीबी असेल तर १०.४.

बॅकअप. अकीबा बॅकअप या एक्स्टेन्शननं घ्या, सगळ्या साईटची एक जेपीए फाईल तयार होते, ती डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक ठिकाण गावाबाहेरचं, म्हणजे क्लाउडवर असू दे. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी शिरलं होतं, तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या एकुलत्या एक हार्डडिस्कवर भरवसा ठेवू नका. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, तो किकस्टार्ट (अकीबाचंच बॅकअप उघडायचं साधन) वापरून एका सबडोमेनवर (मुख्य पत्त्याखालचा वेगळा पत्ता) उघडून बघायचा. उघडला तरच तो बॅकअप. तीच कॉपी पुढं तुमची टेस्ट साईट, अपग्रेड आधी तिच्यावरच करायचं. तिला पासवर्ड लावा आणि ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये मेल पाठवणं बंद करा, नाहीतर टेस्ट करताना खऱ्या सभासदांना मेल जातात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन सुरू होतात.

आता मराठी साईटवाल्यांनी इथं जरा थांबा, कारण हे इंग्रजी गाईडमध्ये सहसा सापडत नाही. टेस्ट कॉपी उघडली की सगळ्यात आधी मराठी मजकूर वाचा, नुसती नजर टाकू नका, जोडाक्षरं बघा, संचालकांची नावं बघा, फोटोंच्या खालच्या ओळी बघा. कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकला असेल तर दोन प्रकार दिसतात. मजकुराच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर बहुतेक वेळा डेटा आत शाबूत असतो, वाचायची पद्धत चुकलेली असते, ते दुरुस्त होतं. पण डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हांची रांग लागली असेल तर त्या कॉपीतली अक्षरं गेली, ती परत येत नाहीत, मूळ साईटवरून नीट एक्स्पोर्ट परत घ्यावा लागतो. म्हणूनच हे लाईव्ह साईटला हात लावायच्या आधी कळलं पाहिजे. एक्स्पोर्ट करताना कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे का बघा आणि जूमलाच्या एक्स्टेन्शन्स, मॅनेज, डेटाबेस या पानावर काही चूक दाखवत असेल तर फिक्स दाबून ती आधी संपवा.

अजून एक, जुन्या पानांवर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर असतो. तो आत रोमन अक्षरं म्हणूनच साठवलेला असतो, नवीन टेंप्लेटमध्ये (साईटच्या दिसण्याचा साचा) तो फॉन्ट नसला की पान वाचताच येत नाही. असली पानं शोधून युनिकोडमध्ये करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण सर्चमध्ये ती पानं सापडायला लागतात तीही याच्यामुळंच.

मग एक्स्टेन्शन, म्हणजे जूमलाला वरून जोडलेल्या सोयी. एक कागद घ्या, प्रत्येकाचं नाव, शेवटचा अपडेट कधीचा, जूमला ४ आणि ५ साठी आहे का, आणि मुख्य म्हणजे ते कोण वापरतंय का. जुना स्लायडर, व्हिजिटर काउंटर, तीन तीन गॅलऱ्या, हे काढून टाका, बंद करून ठेवू नका, अनइन्स्टॉलच करा. ३.१० मधल्या जूमला अपडेटच्या पानावर चॅनल जूमला नेक्स्ट केला की प्री-अपडेट चेक दिसतो, कुठलं चालेल कुठलं नाही ते बऱ्यापैकी सांगतो. बाहेरचे सिस्टिम प्लगिन (प्रत्येक पानाबरोबर चालणारी एक्स्टेन्शन) मात्र अपग्रेडच्या आधी बंदच करा, पांढरं पान यायचं ते बहुतेक यांच्यामुळं.

टेंप्लेटची अपेक्षा आधीच सांगून ठेवा. जूमला ३ चं प्रोटोस्टार हे टेंप्लेट जूमला ४ मध्ये नाही, त्याच्या जागी कॅसिओपिया येतं, आणि बूटस्ट्रॅप (पानाची मांडणी करणारा कोड) २ वरून ५ झालंय त्यामुळं स्पॅन६, रो-फ्लुइड वापरून केलेले रकाने एकाखाली एक पडतात. टेंप्लेटच्या एचटीएमएल फोल्डरमध्ये ओव्हरराईड (जूमलाच्या मूळ मांडणीवर आपण केलेले बदल) असतील तर तेही तपासायचे. साहेबांना सांगा की साईट थोडी वेगळी दिसणार.

दिवस ठरवताना कॅलेंडर बघा. पतसंस्था असेल तर सप्टेंबर नको, ३० तारखेच्या आत वार्षिक सभा असते आणि अहवाल साईटवर टाकायचा असतो. यात्री निवास असेल तर नवरात्राच्या आसपास बुकिंगच्या फॉर्मला हात लावू नका. ठरलेल्या दिवशी मजकूर टाकणाऱ्यांना आदल्या संध्याकाळपासून थांबायला सांगा, नाहीतर त्यांनी टाकलेली नोटीस बॅकअपमध्ये नसते. सगळ्या महत्त्वाच्या पानांच्या लिंक एका शीटमध्ये लिहून ठेवा, अपग्रेड झाला की एकेक उघडा, फॉर्म भरून बघा, मोबाईलवर बघा, आणि काही अडलं तर किती वाजेपर्यंत प्रयत्न करायचा आणि त्यानंतर जुना बॅकअप कुणी परत चढवायचा हे सकाळीच ठरवून घ्या.