आयटीआय झालं, आता कंपनीत मुलाखत: तयारी कशी करावी

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या एमआयडीसीत पहिल्या मुलाखतीला जाणारी बरीच मुलं आठवडाभर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' घोकत बसतात. त्याला दोन मिनिटं पुरतात. नाव, गाव, ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, अप्रेंटिसशिप केली असेल तर कुठे आणि तिथे स्वतःच्या हाताने काय केलं, एवढं सांगा. मराठीत सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं. पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडखळतं आणि मग येणारी उत्तरंही सुचत नाहीत.

तो वेळ ट्रेडला द्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट असाल तर समोर व्हर्नियर (सरकत्या जबड्याचं माप घ्यायचं साधन) आणि एखादा जॉब, म्हणजे मापायचा तुकडा, ठेवून 'माप घे' म्हणतील. लगेच जॉब पकडू नका. आधी जबडे पुसा, बंद करून शून्याला शून्य जुळतंय का बघा. मग जॉब सरळ धरून मेन स्केल वाचा आणि व्हर्नियरची कितवी रेघ जुळते ते शोधा. लीस्ट काउंट, म्हणजे व्हर्नियरवर वाचता येणारं सर्वात लहान माप, 0.02 मिमी असेल, मेन स्केलवर 24 आणि जुळणारी रेघ सतरावी, तर माप 24 + (17 × 0.02) = 24.34 मिमी. 'मिमी' तोंडाने म्हणा. आकडा चुकला तर एकवेळ चालून जातं, पण शून्य न तपासणारा पोरगा लगेच लक्षात येतो. ड्रॉइंगवर 25 ± 0.05 दिसलं, तर 24.95 ते 25.05 मधला जॉब पास, हेही पटकन सांगता आलं पाहिजे. साधनं घरी नसतातच. आयटीआयच्या सरांना विचारून वर्कशॉपमध्ये एक दुपार काढा.

इलेक्ट्रिशियनने मोटर चालू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर आणि एमसीबी (जादा करंटला पडतो) व आरसीसीबी (करंट गळला की पडतो) यांतला फरक पक्का करावा. वेल्डरला बहुधा तुकडा जोडूनच दाखवावा लागतो.

आदल्या रात्री फाइल लावा: दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासबुक, फोटो, मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या. आधार आणि मार्कशीटवर नाव वेगळं असेल तर आताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे पीएफच्या खात्यात ते नडतं.

इस्त्रीचा साधा शर्ट आणि बूट घाला. चपलेवर शॉप फ्लोअरला नेत नाहीत. कडं, अंगठी घरीच ठेवा. चाकणला जायचं असेल तर तळेगाव चौकातली गर्दी धरून निघा.

आत गेल्यावर न येणाऱ्या प्रश्नाला 'सर, हे मी केलेलं नाही' म्हणा आणि त्याच्या जवळचं काय केलंय ते सांगा. थापा मारल्या तर पुढच्याच प्रश्नात पकडले जाता. रात्रपाळी जमणार नसेल तर तेही तिथेच सांगा.

शेवटी 'काही विचारायचंय का?' असं आलं की लाजू नका. कंपनीच्या रोलवर घेणार, ठेकेदारामार्फत की अप्रेंटिस म्हणून? अप्रेंटिसला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. हातात किती पडणार हेही विचारा, कारण पगार असेल तर पीएफचे 12 टक्के आणि ईएसआय (कामगार विमा) लागू असल्यास 0.75 टक्के त्यातून कापले जातात. गणवेश, ट्रेनिंग किंवा 'फाइल चार्ज' म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर फाइल उचला आणि बाहेर पडा.