जीरावण या चटकदार इंदुरी मसाल्यापुढे टिकेल अशी व्हाइट वाईन कशी निवडावी

इंदूरच्या दुकानात व्हाइट वाईन मागितली की काउंटरपलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "मीठी दूँ या कड़वी?" या दोन शब्दांत व्हाइट वाईन मावत नाही. जेवणाबरोबर घ्यायची तरतरीत व्हाइट वाईन आधी आंबट असते. कैरीची पहिली फोड चावल्यावर जबड्याच्या कडांना जे होतं, ते तिनं करायला हवं. 'तोंडाला पाणी सुटणं' आपण जिलेबीच्या नुसत्या आठवणीलाही म्हणतो. इथे ते शब्दशः घ्या. पाणी सुटलं तर वाईन जेवणाची. नाही सुटलं तर ती गप्पांची, आणि गप्पा मारायला इंदूरमध्ये कुणाला वाईन लागत नाही.

आमच्या रामबागेतल्या घरात हा उद्योग बरीच वर्षं चालू आहे. सासूबाई वाईनला सरसकट द्राक्षासव म्हणतात आणि बाटलीला हात लावत नाहीत, पण कोणती कशाबरोबर काढली यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.

बाटली घेताना

नाशिकची घ्या. आपला ए. बी. रोड म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड, आणि तोच पुढे सेंधवा, धुळे, मालेगाव करत नाशिकला पोचतो. म्हणून परत येताना डिकी भरून आणायचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक राज्याचं एक्साइज वेगळं, परमिटचे नियम वेगळे. इथल्या परवानाधारक दुकानातच घ्या. मध्य प्रदेशात त्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. आणि महेश्वरच्या घाटावर संध्याकाळी एक बाटली, असा कुणाचा बेत असेल तर तो विसरा. महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन इथली दुकानं १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत.

लेबलवर आधी साल बघा. युरोपात द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. नाशिकला त्या दिवसांत छाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे फळ वाढतं ते आपल्या थंडीत. हाच आपला फायदा. रात्री उबदार असल्या की द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल भराभर खर्ची पडतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री ते थोडंफार राखतात. बाटलीत गेल्यावरही हा ताजेपणा फार दिवस पुरत नाही. सगळ्यांत अलीकडचं साल मागा. दोन-तीन वर्षांची साधी व्हाइट कुणी 'मुरलेली' म्हणून गळ्यात मारायला लागला तर हसून परत करा. मुरतं ते लोणचं.

शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, मे महिन्यात तर मुळीच नाही. आतल्या खोक्यातली मागा. उजेडात धरली की रंग फिकट, किंचित हिरवटसर दिसायला हवा. जुन्या मधासारखा पिवळा-तपकिरी दिसला तर ठेवून द्या. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. आपल्या हवेत ते बुचापेक्षा बरं.

द्राक्षाच्या जातींचं थोडक्यात. सॉव्हिन्यॉन ब्लां ही तुमची पहिली बाटली. सुला, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा, फ्रातेल्ली, सगळेच ती करतात. यांतल्या ग्रोव्हरचे मळे बेंगळुरूजवळ नंदी हिल्सला आणि फ्रातेल्लीचे सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे. शेनिन ब्लां आपल्याकडे बहुधा हलकी गोडसर असते. सुलाच्या पहिल्या वाईन २००० साली बाजारात आल्या, त्यांत या दोन्ही होत्या, त्यामुळे इथल्या लोकांची जीभ याच दोघींवर तयार झाली आहे. शार्डोने लाकडी पिंपात ठेवलेली असेल तर लोण्याकडे, व्हॅनिलाकडे झुकते. ती या कामाची नाही. व्हिऑन्येबद्दल पुढे बोलते, कारण तिनंच मला फसवलं.

गार करताना

फ्रिजमध्ये तीन तास ठेवा. थंडीच्या दिवसांत वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा, मे महिन्यात काढू नका. ८ ते १० अंश हवेत. त्याहून गार वाईन मुकी होते. ना तिचे गुण कळतात, ना दोष. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ, वीस मिनिटं. फ्रीजर नको. मी एकदा बाटली आत ठेवून विसरले. सकाळी झाकण वर आलेलं आणि मटारच्या पिशवीवर वाईनचा बर्फ. माठात ठेवायचा सल्लाही मिळेल, पण माठाचं पाणी पिण्याइतकं गार असतं, वाईनला ते पुरत नाही. ग्लासात बर्फ टाकू नका, मेव्हणे चिमटा घेऊन उभे असले तरी.

चाखताना: इथेच सगळे चुकतात

मीसुद्धा दोन वर्षं चुकत होते.

एका डिसेंबरात गच्चीवर आठ जणांसाठी गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, बेत केला होता. दुपारी दोन बाटल्या उघडून चाखल्या. व्हिऑन्येला जर्दाळूचा, फुलांचा असा काही वास होता की ग्लास नाकापासून दूर करवेना. सॉव्हिन्यॉन ब्लां घोटभर घेतली तर दात आंबले. तेव्हा व्हिऑन्ये वर गेली आणि सॉव्हिन्यॉन फ्रिजच्या दारात राहिली.

संध्याकाळी कढईतून गराडू निघाले. कडा खरपूस, आतून पिठूळ, वरून जीरावण आणि लिंबू. पहिल्या घासानंतर घोट घेतला तर तोंडात नुसतं सुगंधी पाणी, मागे थोडा कडवटपणा. माझी जाऊ स्पष्टवक्ती आहे. ती म्हणाली, "ही गोड आहे का? मग चहाच कर." वाईन गोड नव्हती, ठणठणीत ड्राय होती. खाली जाऊन नाइलाजानं ती आंबट सॉव्हिन्यॉन आणली आणि पंधरा मिनिटांत संपली. दुपारी जो आंबटपणा टोचत होता, तो जीरावणातल्या आमचूर-सैंधवापुढे अगदी बेताचा झाला होता.

त्या संध्याकाळी दोन चुका उघड्या पडल्या. पहिली, मी नाकानं गोडी ठरवत होते. दुसरी, जेवणाची वाईन मी रिकाम्या तोंडी चाखत होते. पुस्तकी सल्ला देणारे तुम्हाला ग्लास फिरवायला आणि पॅशनफ्रूट हुंगायला शिकवतात. पॅशनफ्रूट इंदुरात किती जणांनी खाल्लंय? वासाला नावं देणं हा छान खेळ आहे, पण त्यानं वाईन ताटाशेजारी टिकेल की नाही हे कळत नाही.

नाकाची खोड आधी मोडा. तीन ग्लास पाणी घ्या. प्रत्येकात अर्धं लिंबू पिळा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा आणि तिसऱ्यात साखर न घालता खाण्याच्या गुलाबपाण्याचे चार थेंब टाका. घरातल्या कुणाला तरी ग्लासांची अदलाबदल करायला सांगून डोळे मिटून चाखा. बरेच लोक गुलाबपाण्याच्या ग्लासाला गोड म्हणतात, कारण गुलाब म्हटलं की आपल्याला गुलकंद आणि सरबत आठवतं. आता नाक चिमटीत धरून परत चाखा. साखर असेल तरच गोडी उरते. वाईनलाही हेच करायचं: पहिला घोट नाक धरून. वेडगळ दिसतं, दिसू दे. साधारणपणे लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असली की वाईन ड्राय धरतात. तेवढी साखर जिभेला कळत नाही, मग कितीही फुलांचा वास येवो.

नंतर आंबटपणा मोजा. घोट तोंडभर फिरवून गिळा, तोंड मिटा, हनुवटी छातीकडे झुकवा आणि मनात दहापर्यंत मोजा. जिभेखाली आणि गालांच्या आत पाणी साठतं का बघा. पाच म्हणायच्या आत साठलं तर वाईन खणखणीत. दहापर्यंत जीभ कोरडीच राहिली तर तुमच्या हातात मघाची व्हिऑन्ये आहे. ती वाईट नव्हे. ती जात मुळातच कमी आंबट आणि जास्त सुवासिक. जेवणाआधी घ्या.

मग घासाबरोबर. जो पदार्थ वाढणार तोच हवा, क्रॅकर आणि चीज नको. घास चावून गिळा, घोट घ्या, गिळा, आणि लगेच दुसरा घास घ्या. लोक घोटाकडे लक्ष देतात. लक्ष दुसऱ्या घासाकडे हवं. तो पहिल्यासारखाच ताजा लागला, तेलकटपणा धुऊन निघाला, तर वाईन जमली. पहिल्याहून जड किंवा तिखट लागला तर नाही जमली, बाटली कितीही महाग असो.

तोंडात काय घडतं ते एवढंच: मिठानं वाईनचा आंबटपणा सौम्य होतो. आंबट पदार्थापुढे त्याहून कमी आंबट वाईन पाणचट लागते. तिखटाला अल्कोहोल चेतवतं, म्हणून झणझणीत खाण्याबरोबर १२-१३ टक्क्यांची कडक ड्राय वाईन जाळ करते आणि थोडी साखर असलेली वाईन तो विझवते. आणि गोडाबरोबर ड्राय वाईन आंबट-कडू होते.

हे शेवटचं इंदूरकरांनी भिंतीवर लिहून ठेवावं. आपण पोह्यांबरोबर जिलेबी खाणारी माणसं. आमच्या मराठी घरांतही आमटीत गुळाचा खडा पडतो आणि फोडणीच्या भाजीत चिमूटभर साखर. पाहुण्यानं मधेच जिलेबीचं एक वेढं तोंडात टाकलं की पुढचा घोट त्याला व्हिनेगर वाटणार, आणि दोष तुमच्या निवडीला लागणार. माझ्याकडे वाईन असते त्या दिवशी गोडाचं ताट फ्रिजवर, हात पोचणार नाही अशा उंचीवर असतं. सासूबाईंना हे मान्य नाही. म्हणून त्यांची वाटी वेगळी.

ताटात काय आहे त्यावरून

गराडूला सॉव्हिन्यॉन ब्लां, दुसरा विचार नको. कोथिंबीरवडीलाही तीच, या वाईनला स्वतःचाच हिरवी मिरची आणि ओल्या गवताचा वास असतो, तो कोथिंबिरीशी जुळतो.

भुट्ट्याचा कीस मात्र चकवतो. फोडणी, हिरवी मिरची, वरून लिंबू बघून आपण सॉव्हिन्यॉन काढतो. पण कोवळा मका आणि दूध आटून आत गोडी उतरलेली असते. तीन पावसाळे मी चुकीची बाटली उघडली. इथे गोडसर शेनिन ब्लां लागते. चिंच-गुळाच्या अळूवडीलाही तीच.

लवंगी सेव नुसती खाणार असाल तर शेनिन किंवा हलकी गोड रीझलिंग. ड्राय वाईन घेतलीत तर लवंग आणि तिखट दोन्ही घशात बसतात. दाल-बाफल्यांना (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) तूप इतकं असतं की त्याला कापणारं काहीतरी हवंच: सॉव्हिन्यॉन, किंवा ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची ड्राय वाईन. साबूदाण्याच्या खिचडीला लिंबू सढळ हातानं पिळलंत तर सॉव्हिन्यॉन झकास जाते. एकादशी सोडून, अर्थात. दहीवड्याबरोबर काही घेऊ नका. मटणाच्या रश्श्याला व्हाइट काढणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला रस्सा वाढते.

एका वेळी साठ-सत्तर मिली ओता, म्हणजे ग्लास गरम व्हायच्या आत संपेल. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी ठीक असते. तिसऱ्या दिवशी नाक धरून एक घोट घ्या, हनुवटी झुकवा, मोजा. पाणी सुटलं नाही तर बेसिनमध्ये ओता आणि बाटली धुऊन ठेवा. आमच्याकडे त्यात फोडणीचं तेल भरतात.